तिन्हीसांजेचा बाजार

“तिन्हीसांजेला घरातलं काही बाहेर द्यायचं नाही म्हणजे नाही,” द्वारकाआत्या म्हणाली आणि तिनं माझ्या लॅपटॉपवर पंचा टाकला.

पंचा ओला होता. मी घाईघाईनं तो उचलला. पडद्यावर नॉर्थबेल कंपनीचा शेअर पंचेचाळीस डॉलरवर उभा होता आणि खाली विकायचं लाल बटण माझी वाट बघत होतं.

“आत्या, दहाच शेअर विकतोय. सुनीतीला स्कूटर घ्यायचीय.”

“उद्या सकाळी विक.”

“सकाळी तिकडचा बाजार बंद असतो.”

“मग दुपारी.”

“आपल्या दुपारी तिकडे रात्र असते गं. माणसं झोपलेली असतात.”

“उघडतो तरी कधी मेला?”

“आपल्या संध्याकाळी सातला.”

“आणि मिटतो कधी?”

“आपलं उजाडायच्या आत.”

आत्यानं वात वळता वळता मनातल्या मनात गणित केलं. “म्हणजे आपल्या घरातून हा जिन्नस विकायची सोयच नाही,” ती समाधानानं म्हणाली आणि देव्हाऱ्यापुढे दिवा लावायला निघून गेली.

आमच्या घरात दिवे लागले की मीठ, दही, सुई आणि पैसा उंबऱ्याबाहेर जात नसे. शेजारीण विरजण मागायला आली तर आत्या तिला बसवून चहा पाजायची, गप्पा मारायची, पण विरजण सकाळीच मिळायचं. त्या दिवसापासून या यादीत अमेरिकेतला शेअरही जाऊन बसला. “अगं, विकला की पैसा उलट घरात येतो,” असं मी सांगून पाहिलं. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. “आणि शेअर? ज्यानं इतकी वर्षं साथ दिली त्याला दिवेलागणीला घराबाहेर काढायचं?”

तिच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नव्हती. आई माझ्या लहानपणीच गेली, वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मला वाढवलं ते हिनं, साताऱ्यातल्या याच बैठ्या घरात. कन्याशाळेत ती मुलींना शिवण शिकवायची. माझे शर्ट वर्गातल्या उरलेल्या कापडाचे असायचे, त्यामुळे सातवीपर्यंत माझ्या प्रत्येक शर्टाच्या दोन बाह्या दोन रंगांच्या होत्या. पुढे मी इंजिनियर झालो, अमेरिकेत मिनेसोटाला गेलो, अकरा वर्षं राहिलो आणि बायको सुनीती आणि मुलीला घेऊन परत आलो. हे सगळं आता जुनं झालं, पण मी सांगतोय ती हकिगत आम्ही परत आल्यावरच्या पहिल्या वर्षाची.

परत आलो खरा, पण पुरता आलो नव्हतो. मिनेसोटात मी ज्या नॉर्थबेल कंपनीत होतो ती दारापुढचा बर्फ उडवून टाकायची यंत्रं बनवायची. दर वर्षी पगाराबरोबर ती थोडे शेअर द्यायची. ते सगळे तिकडच्या खात्यात तसेच पडून होते आणि ते मी मुद्दामच तसे ठेवले होते. इथं आल्यावर सुरुवातीला सगळं छान वाटलं. मग गॅसच्या जोडणीसाठी खेटे सुरू झाले, ऐन कामात वीज जायला लागली, आणि ज्याला त्याला ‘तिकडे किती मिळायचे?’ याचं उत्तर देऊन जीव मेटाकुटीला आला. माझ्याच गावात मी पाहुण्यासारखा वावरत होतो. शेवटी मी सुनीतीला म्हणालो, “शेअर साठला पोचला की सगळे विकू. तेवढ्या पैशात तिकडे घराची सोय होते. सरळ परत जाऊ.”

सुनीतीला दोन्हीकडे करमायचं. तिची अडचण निराळी होती. आमच्या चार मोठ्या बॅगा अजून खोलीच्या दाराआड उभ्या होत्या आणि येता-जाता तिला लागायच्या. “मला कुठंही चालेल,” ती म्हणाली, “पण या बॅगा माळ्यावर टाकायच्या की दारात ठेवायच्या, ते एकदा ठरव बाबा.”

“साठ झाले की ठरेल,” मी म्हणालो. आत्याला यातलं काही सांगायचं नाही, हेही ठरलं.

ओल्या पंच्याच्या प्रकरणानं माझी मोठीच पंचाईत केली होती. तोड काढली देशमाने काकांनी. काका आमचे शेजारी. एसटीच्या आगारातून निवृत्त झाले होते, पण आगार त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्यांना एसटीत सापडायचं.

“मुकुंदराव, आगाऊ आरक्षण नसतंय का तुमच्या त्या बाजारात?” त्यांनी विचारलं. “गाडी रात्रीची असली तरी तिकीट आपण दुपारीच काढून ठेवतो. मग रात्री उंबऱ्याबाहेर काय जातंय? काय नाही. प्रवासी आपला आपण जाऊन बसतो गाडीत.”

तशी सोय अर्थातच होती. साठला भाव आला की विका, असं आधीच सांगून ठेवता येत होतं. स्कूटरचे दहा शेअर मी बाजूला ठेवले. ते पंच्याखाली सापडलेले, अपशकुनी. बाकीच्या सगळ्यांचं आरक्षण भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, आत्याला शेजारी बसवून केलं. तिला तक्रारीला जागाच उरली नाही. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

“आता हा आपोआप जाईल?”

“साठ झाले की.”

“आणि झालेच नाहीत तर?”

“तर नाही जायचा.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि उठून गेली.

त्या संध्याकाळपासून तिचा दिवा लांबला. पूर्वी दिवा लावायचा, शुभंकरोती म्हणायची आणि दुधाकडे बघायला पळायचं, असा तिचा खाक्या होता. आता ती देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीपुढे हात जोडून बराच वेळ पुटपुटत बसायची. मधूनच मान वळवून पडद्याकडे बघायची आणि पुन्हा पुटपुटायची. आठ वर्षांची आमची रेणू भाव ओरडून सांगायची. “आजी, सत्तेचाळीस!” की आत्या घंटा आणखी जोरात वाजवायची.

आणि शेअर चढायला लागला. दसऱ्याला एक्कावन्न झाला. तिकडे यंदा थंडी कडाक्याची पडणार असं हवामानवाले सांगत होते. पण आमच्या गल्लीत हवामानाला कोण विचारतंय? श्रेय सगळं आत्याच्या दिव्याला. देशमाने काका रोज पावणेसातला आपली खुर्ची घेऊनच यायचे.

“काय म्हणतोय आज बर्फ?” आल्या आल्या पहिला प्रश्न.

“बावन्न.”

“चढणारच! आत्यांनी हात जोडल्यावर न चढून सांगतोय कुणाला!” मग आत वळून, “आत्या, तेवढं माझ्या उजव्या गुडघ्याचंही बघा की. जिना चढवत नाही.”

“सांगते हो,” आत्या म्हणायची आणि इमानेइतबारे काकांच्या गुडघ्यासाठीही हात जोडायची.

मला त्या दिवसांची आठवण झाली की आजही हसू येतं. साताऱ्यात ऑक्टोबरची हीट, पंखा गरगरतोय, काका बनियनवर बसलेत आणि आम्ही सगळे मिळून बर्फ पडावा म्हणून जीव टाकतोय! रेणूनं तर वहीच्या पानांचे कपटे करून पंख्याखाली उधळले आणि केर काढताना आत्याची बोलणी खाल्ली. चोपन्न झाले, पंचावन्न झाले. दिवाळीच्या करंज्या छपन्नवर तळल्या. काका काठी टेकत यायला लागले, पण उत्साह तोच. आत्या मात्र दिवसेंदिवस गप्प होत होती. मला वाटलं, दिवाळीचा शीण असेल.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी शेअर अठ्ठावन्नवर थांबला. शनिवार-रविवार बाजाराला सुट्टी. त्या दोन दिवसांत तिकडे असा काही बर्फ कोसळला की माझ्या जुन्या मित्रानं फोटो पाठवला. त्यात त्याची मोटार कुठं आहे, हे त्यानं बाण काढून दाखवलं होतं. सोमवारी साठ होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काकांनी अर्धा किलो कंदी पेढे आणून ठेवले. मी दुपारपासून नुसता येरझाऱ्या घालत होतो. आनंद झाला होता असंच मी स्वतःला सांगत होतो. पण एकदा दाराआडच्या बॅगांकडे नजर गेली आणि मी ती चटकन काढून घेतली. मी पुन्हा तिकडे बघितलं नाही.

सात वाजले. आत्यानं दिवा लावला. आम्ही पडद्याला डोळे लावले.

अठ्ठावन्न.

“अजून तेच?” काका.

“होईल आता.”

पाच मिनिटं गेली, दहा गेली. आकडा ढिम्म हलेना. मी पान नव्यानं उघडलं. इंटरनेटच्या डबीची वायर काढली, फुंकर मारून पुन्हा खुपसली. डबीचे दिवे लुकलुकायला लागले, पण अठ्ठावन्न ते अठ्ठावन्नच. मित्राला फोन लावला, तो उचलेना. बिचारा मोटार उकरत असणार.

काकांनी काठीवर हनुवटी टेकली. “मुकुंदराव, माझा आयुष्यभराचा अनुभव सांगतो. वेळ होऊन गेली आणि गाडी फलाटाला लागली नाही, तर एक तर ड्रायव्हर नसतो, नाहीतर गाडीच नसते.”

“म्हणजे?”

“बुडाली.”

देव्हाऱ्यापाशी घंटा थांबली. “काय बुडाली?” आत्यानं विचारलं.

“कंपनी, आत्या. तसंच दिसतंय. एवढा बर्फ पडला, यंत्रं काय पुरली असणार त्याला? लोकांनी परत आणून टाकली असतील.”

“सगळी बुडाली?”

“सगळीच म्हणायची.”

आत्या उठली. तिच्या तोंडावर काय होतं ते मला त्या क्षणी उमगलं नाही. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि थोड्याच वेळात घरभर रवा भाजल्याचा खमंग वास सुटला. मग तूप. मग वेलदोडा. मी आत डोकावलो तर आत्या दिवाळीचे राखून ठेवलेले काजू मुठीमुठीनं कढईत टाकत होती आणि चक्क गुणगुणत होती.

“धक्का बसलाय त्यांना,” काका माझ्या कानाशी कुजबुजले. “होतं असं माणसाचं. काही बोलू नका. देतील ते खावा.”

शिरा आला. केळं घातलेला, तुपानं निथळणारा. कंपनी बुडाल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरू नये, पण मी दोनदा मागून घेतला. खरं सांगायचं तर मला सुतकी तोंड करायला जड जात होतं. माझी अकरा वर्षांची पुंजी गेली होती आणि मला हलकं हलकं वाटत होतं. आता काही ठरवायला नको होतं. काका काहीतरी विनोद करत होते, रेणू खिदळत होती आणि मीही हसत होतो.

तेवढ्यात सुनीती बाहेरून आली. चप्पल काढता काढता थबकली.

“शिरा? झाले वाटतं साठ?”

“नाही. कंपनी बुडाली,” मी म्हणालो.

“मग शिरा कसला?”

सुनीतीनं पडदा बघितला, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, नोव्हेंबर लागला! काल रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे गेली ना! बाजार आठला उघडेल. अकरा वर्षं राहून विसरलास?”

मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो.

“घड्याळं मागं गेली?” काका खुर्चीतून पुढं झुकले. “कुणी केली?”

“सरकारनं. दर वर्षी करतात, थंडी आली की.”

“अख्ख्या देशाची? वेळापत्रकाचं काय होतंय मग?” काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. “आत्या, तिन्हीसांज टळू दे म्हणून तासभर थांबली बघा अमेरिका. मान राखला तुमचा!”

आत्याच्या हातातला कालथा जागच्या जागी थांबला होता. “म्हणजे बुडाली नाही?” तिनं विचारलं.

“नाही गं!”

ती पुन्हा गणपतीपुढे जाऊन बसली.

आठ वाजले, आणि आकडा उडालाच. एकसष्ट! साठला न थांबता थेट एकसष्ट. मी बघतो तोवर ते दहा सोडून खात्यातले सगळे शेअर गेले होते, दुपारच्या आरक्षणाप्रमाणे, आपले आपण गाडीत बसून. रेणू किंचाळली. काका काठी आपटत नाचायला लागले. पेढ्यांची पुडी फुटली. एक पेढा माझ्या तोंडात, एक लॅपटॉपच्या फटीत. “आत्या!” काका ओरडले, “जिंकलात! आता तरी सांगा, काय मागत होता एवढं त्या गणपतीकडं?”

“पड म्हणत होते मेल्याला!” आत्या कडाडली. “रोज हात जोडून पड म्हणत होते! आणि हा चढतोय!”

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला.

“पड?” मी विचारलं.

“साठ झाले की तुम्ही परत जाणार होता ना? रेणू सांगते मला सगळं.” तिनं पितळी गणपतीकडे बोट केलं. “आणि ह्याला मी मागायला गेले! ह्याचा स्वभाव ठाऊक असून! जन्मात माझं एक म्हणून ऐकलं नाही ह्यानं. मागेन त्याच्या उलटं.”

“तरीच माझा गुडघा!” काका ओरडले.

पहिली सुनीती फुटली. मग रेणू. मग मी. काका तर गुडघा धरून धरून हसत होते, हसताना तो दुखत होता आणि दुखतोय म्हणून आणखी हसू येत होतं. आत्याही रागारागानं हसायला लागली. पदरानं डोळे पुसत ती एकेक पुरावा काढत होती.

“लग्न ठरू नये म्हणून मागितलं, ठरलं. झाल्यावर म्हटलं, टिकू दे.” तिनं नुसता हात उडवला. तिचे यजमान वर्षाच्या आत गेले होते. “हा अमेरिकेला जाऊ नये म्हणून अकरा मंगळवार केले. अकराव्या मंगळवारी ह्याचा व्हिसा झाला, साखर वाटत आला घरी!”

तो मंगळवार मला आठवत होता. पहिली साखर मी आत्याच्याच तोंडात घातली होती.

“आणि मी परत यावं म्हणून?” मी हसत हसतच विचारलं. “ते नाही का मागितलंस?”

“छे!” आत्या म्हणाली. “अकरा वर्षं रोज दिवा लावला, पण ते कध्धी मागितलं नाही. जिभेवर आलं की गिळून टाकायचे. मागितलं असतं तर आला असतास का?” तिनं नाक ओढलं. “म्हणून तर आलास. या वेळी राहवलं नाही रे. चुकले.”

हसू कुठं थांबलं ते कळलं नाही. सुनीती माझ्याकडे बघत होती.

मी उठलो. दाराआडच्या दोन बॅगा दोन हातांत उचलल्या आणि बाहेर आणल्या.

आत्याचा चेहरा उतरला. “लगेच? निघालास कुठं?”

“माळ्यावर,” मी म्हणालो. “काका, तेवढं स्टूल धरा.”

काकांनी एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं स्टूल धरलं. मी पडलो नाही, हे त्या गणपतीचेच उपकार, कारण आत्या खालून “सांभाळ, सांभाळ” असं मलाच सांगत होती, त्याला नाही.

ते पैसे इकडे आले आणि आत्याच्या बैठ्या घरावर मजला चढला. सुनीतीला स्कूटरही मिळाली, पण ती माझ्या पगारातून. पंच्याखाली सापडलेले ते दहा शेअर तसेच राहिले होते, ते आम्ही आत्याचे म्हणायला लागलो. “आता हे चढू दे,” असं ती मनापासून मागायला लागली आणि तिकडे दोन हिवाळे बर्फच पडला नाही. “आत्या, तुम्ही पडू दे म्हणा,” सुनीतीनं युक्ती सुचवली. आत्यानं तसंही करून पाहिलं, अगदी साळसूद चेहऱ्यानं. शेअर पडला. “त्याला मनातलं कळतं,” आत्या म्हणाली.

पुढे तिचं वय झालं. गुडघे, डोळे, कान एकेक करून रजेवर गेले. दिवा मात्र तीच लावायची आणि दिव्यापुढे हात जोडून मोठ्यानं म्हणायची, कारण स्वतःचं तिला ऐकू यायचं नाही, “पुरे झालं रे बाबा. आता मला ने.”

मी वरच्या मजल्यावर काम करत असायचो. जिन्यातून ते ऐकू यायचं. खाली जावं, तिच्याशेजारी बसावं आणि ‘राहू दे हिला’ म्हणून हात जोडावेत असं फार वाटायचं. जिभेवर यायचं ते मी गिळून टाकायचो. आत्या अगदी मनापासून मागत होती, आणि आमच्या गणपतीचा स्वभाव मला ठाऊक होता.

ती त्यानंतर चांगली सात वर्षं जगली.